६१७४ साठी कॅसिओ एफएक्स-९९१ईएस प्लस: कॅल्क छान, फॅक्टला मर्यादा

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये शोधलेला ६१७४ हा स्थिरांक हातानेही पडताळता येतो: चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडायचे, मोठ्या मांडणीतून लहान वजा करायची आणि उत्तरावर तेच करत राहायचं, की शेवटी ६१७४ येतो. पण दहा-वीस संख्या तपासायच्या तर वजाबाकीत हातचा चुकतोच. तिथे कॅसिओ एफएक्स-९९१ईएस प्लस या कॅल्क्युलेटरची कॅल्क ही की, म्हणजे टाइप केलेल्या सूत्रात किमती भरून उत्तर देणारी, कामाला येते.

अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड धरले, की मोठ्या मांडणीतून लहान वजा केल्यावर उरतं ९९९(अ−ड) + ९०(ब−क). हेच सूत्र इंग्रजी ए, बी, सी, डी घालून एकदा टाइप करा आणि कॅल्क दाबा. यंत्र एकेका अक्षराची किंमत विचारतं. कोणतं अक्षर विचारलंय ते स्क्रीनवर बघूनच अंक भरा. १००० पासून सुरुवात केली तर ९९९, ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४. अंक क्रमाने लावायचं काम मात्र तुमचंच, ते हे यंत्र करत नाही.

चूक होते ती शून्यापाशी. ९९९ म्हणजे ०९९९, चार अंक हवेतच. तीनच घेतले तर उत्तर शून्य. दुसरी गोम अशी की कॅल्कमध्ये आधीची किंमत तशीच राहते. ८०८२ साठी डीच्या जागी ० न टाइप करता नुसतं बरोबरचं चिन्ह दाबलं, तर आधीचा १ धरला जातो आणि ८५३२ ऐवजी ७५३३ येतं. सगळे अंक सारखे असतील, उदाहरणार्थ ४४४४, तर शून्यच येणार, यंत्राला दोष देऊ नका. बाकी कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ वर येते. तिथे अ−ड ६ आणि ब−क २. ८५३२ मध्येही नेमकं तेच, म्हणून ती थेट ६१७४ वर जाते.

आता फॅक्ट, म्हणजे संख्येचे मूळ अवयव पाडणारी सोय. ६१७४, बरोबरचं चिन्ह, मग शिफ्ट आणि अंश-मिनिटांची की: २×३²×७³. अंकांची बेरीज १८, आणि ६१७४÷१८ = ३४३. अंकांच्या बेरजेने भाग जातो, म्हणजे कापरेकरांनीच नाव दिलेली हर्षद संख्या. शिवाय १८³+१८²+१८ सुद्धा ६१७४च, कारण १८²+१८+१ = ७³. ही जोडी मला तरी स्थिरांकाइतकीच देखणी वाटते.

प्रत्येक फेरीच्या उत्तराला ९ ने भाग जातो, तेव्हा फॅक्टमध्ये निदान ३² दिसायलाच हवा. हाताने केलेल्या वजाबाकीची चूक यात बहुतेक वेळा सापडते. वरचं ७५३३ मात्र सुटतं, कारण त्यालाही ९ ने भाग जातो.

पाच अंकांना एकच स्थिरांक नाही. ९९९९(ए−ई) + ९९०(बी−डी) चालवून बघा: ५३९५५ आणि ५९९९४ एकमेकांकडे बोट दाखवत राहतात.

फॅक्ट दहा अंकांपर्यंत चालतं, पण तीनपेक्षा जास्त अंकांचे दोन मूळ अवयव आले की हात टेकतं. १०१८०८१ दिलं तर ते कंसात तसंच परत येतं, खरं तर ते १००९² आहे. कंस दिसला की संख्या मूळ आहे असं समजू नका. जुन्या एफएक्स-९९१एमएसमध्ये तर फॅक्ट नव्हतंच, म्हणून दुकानात अंश-मिनिटांच्या कीवर फॅक्ट छापलंय का ते आधी बघून घ्या.