पूर्व भागातील एका शाळेचा पोषण आहार : आठवडाभर घेतलेली चव

माझी मुलगी सोलापूरच्या पूर्व भागातील एका प्राथमिक शाळेत तिसरीत आहे. शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य असल्यामुळे गेला आठवडाभर मी मधल्या सुट्टीत थांबून मुलांबरोबर पोषण आहार घेतला. इथल्या बऱ्याच मुलांच्या आया विड्या वळतात आणि सकाळीच कारखान्याची वाट धरतात. त्यामुळे चहा-खारीवर शाळेत आलेल्या मुलांचे हे दिवसातले पहिले पोटभर जेवण असते.

चवीबद्दल माझी तक्रार नाही. भात मोकळा होता आणि सोमवारची मोड आलेली मटकीची उसळ तर घरच्यासारखी होती. मुलांनी ती मागून घेतली. प्राथमिकच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा योजनेचा निकष आहे. मात्र दोन दिवस आमटी इतकी पातळ होती, की वाढणाऱ्या मावशींना डाव तळापर्यंत घालून डाळ वर आणावी लागत होती, आणि शेवटच्या रांगेतल्या मुलांच्या ताटात पाणीच अधिक पडले. प्रथिने त्या डाळीतूनच मिळायची असल्यामुळे ही बाब मला किरकोळ वाटत नाही.

खरी नाराजी वेळेबद्दल आहे. बुधवारी डब्यांची गाडी चाळीस मिनिटे उशिरा आली. गणिताचा तास सुरू होता, पण मुलांचे डोळे फाटकाकडे लागले होते. एक मुलगा तर पाटीवर डोके टेकून बसला होता. तनिका चक्रवर्ती आणि राजश्री जयरामन यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, पाच वर्षांपर्यंत हा आहार मिळालेल्या मुलांचे वाचनाचे गुण, वर्षभराहून कमी काळ तो मिळालेल्या मुलांपेक्षा १८ टक्क्यांनी आणि गणिताचे ९ टक्क्यांनी अधिक होते. हा फायदा एका ताटाने होत नाही, वर्षानुवर्षे रोज मिळालेल्या जेवणाने होतो. म्हणून बुधवारसारखा दिवस मला खटकतो.

मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षक चव घेतात आणि तशी नोंद वहीत करतात, ही पद्धत इथे प्रामाणिकपणे पाळली जाते. त्याच वहीत गाडी पोहोचल्याची वेळ आणि आमटीचा दाटपणाही रोज लिहावा, अशी लेखी मागणी मी समितीच्या पुढील बैठकीसाठी दिली आहे.