यीस्टचा डोनट घ्यावा की केकचा?

दक्षिण कॅलिफोर्नियात मुलांकडे आलात, तर कोपऱ्यावरच्या घरगुती डोनटच्या दुकानात एकदा तरी जाच, आणि तेही भल्या सकाळी. इथली बरीचशी दुकानं कंबोडियन कुटुंबांची. 1975 साली निर्वासित म्हणून आलेल्या टेड न्गॉय यांनी हा धंदा शिकून घेतला आणि मागून आलेल्या आपल्या माणसांना त्यात उभं केलं. डोनटचा तो गुलाबी खोकाही याच कुटुंबांच्या काटकसरीतून रुजला, कारण पांढऱ्यापेक्षा गुलाबी पुठ्ठा थोडा स्वस्त पडायचा. रात्रभर तळणीपाशी उभं राहून पहाटे चारला दार उघडणारी ही माणसं. त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

काचेपुढे उभं राहिलं की गोंधळायला होतं, पण मुळात प्रकार दोनच.

यीस्टच्या डोनटचं पीठ पावासारखं मळून फुगवतात, मग तळतात. हातात घेतला तर वजनच लागत नाही. त्याच्या कडेला मधोमध फिकट पट्टा बघा. डोनट इतका हलका असतो की तेलावर तरंगतो, दोन्ही बाजू तळल्या जातात आणि मधली कड कोरी राहते. पट्टा ठसठशीत असला की पीठ छान फुगलं होतं असं खुशाल समजा. गरम असताना याला तोड नाही. दुपारी मात्र ग्लेझ (वरचा साखरेचा लेप) ओघळतं आणि डोनट चिवट होतो.

केकच्या डोनटला बेकिंग पावडर पुरते, फुगायची वाट बघावी लागत नाही. साधा केक डोनट मला कोरडाच लागतो. पण त्यातलाच ‘ओल्ड फॅशन्ड’ घ्या! तो जरा मंद आचेवर तळतात, म्हणून वरून तडकून पाकळ्या सुटतात. त्या भेगांत ग्लेझ मुरतं, कडा कुरकुरीत होतात, आणि बटरमिल्क घातलेला असेल तर आत हलकी आंबूस चव लागते. चहाबरोबर हाच. घरी न्यायचा असला तरी हाच, संध्याकाळपर्यंत टिकतो.

अंडं दोन्हींत बहुधा असतंच. तळणाला प्राण्यांची चरबी वापरतात का, तेही विचारून घ्या. कुणी वाईट वाटून घेत नाही. आणि ‘आत्ता तळणीतून काय निघालंय?’ हे आधी विचारा. यीस्टचा निघाला असेल, तर माझा ओल्ड फॅशन्डचा आग्रह बाजूला ठेवा आणि तिथेच उभ्याउभ्या खा.