नॉइज कॅन्सलिंग इअरबड्स, गोलाणी मार्केट, जळगाव: पाचपैकी साडेतीन

जळगाव–एरंडोल रोजचं अपडाऊन, तेही एसटीनं. तेवढ्यासाठीच बाहेरचा गोंगाट दाबणारे, अडीच हजारांचे हे इअरबड्स घेतले. दुकानदारानं डेमो दिला तो डीजेच्या गाण्यावर, आवाज फुल. "ताई, बास पाहा कसा दणदणीत शे!" मला बास नकोच होता. गाडीच्या धडधडीतही बातम्या कमी आवाजात नीट ऐकू याव्यात, एवढंच हवं होतं.

आधीच्या साध्या इअरफोनला कानात घट्ट बसणारं रबर नव्हतं. गाडीनं वेग धरला की आवाजाचं बटण आपोआप वर जायचं, आणि उतरल्यावर कानात सूंऽऽ चालूच. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा, की मोठ्या माणसानं ८० डेसिबलला (डेसिबल म्हणजे आवाजाचं माप) आठवड्याला ४० तास ऐकलं तर चालतं. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८९ ला जेमतेम ५ तास. माझे ते बुधवारीच संपतात! आतल्या कानातल्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत, औषध घ्या नाहीतर काही करा.

या नव्या इअरबड्समध्ये इंजिनाची घरघर जवळपास गायब होते. खिडक्यांचा खडखडाट आणि कंडक्टरची घंटी मात्र येतेच. येऊ दे, स्टॉप तरी चुकत नाही. आवाज आता निम्म्यावर पुरतो. पण खरी करामत रबराची. खोक्यात तीन मापं आहेत. माझ्या उजव्या कानाला मोठं लागलं, डाव्याला मधलं. रबर सैल बसलं तर गोंगाट दाबणाऱ्या मशिनचा काही उपयोग नाही, बाहेरचा गोंगाट सरळ आत.

तक्रारी आहेत. खोक्यावर बासचा गाजावाजा तीन ठिकाणी, आवाजाच्या मर्यादेबद्दल एक अक्षर नाही. वाऱ्यात माइक कुचकामी. आपल्याकडच्या मे महिन्यात रबराखाली घाम साचून कान खाजतो, म्हणून रबर काढून धुवून, पूर्ण वाळवूनच लावते. आणि हायवे ओलांडताना दोन्ही खिशात, त्यात तडजोड नाही.

मर्यादा फोनमध्येच लावली. माझ्या सॅमसंगमध्ये आवाजाच्या सेटिंगला 'मीडिया व्हॉल्यूम लिमिट' आहे, पिनही टाकता येतो. भावाच्या आयफोनवर डेसिबलचा आकडाच दिसतो; माझ्यात ती सोय नाही, म्हणून ६० टक्क्यांवर अडवलाय. आठवीतल्या चिरंजीवांना पिन सांगितलेला नाही, त्यावरून घरात धुसफूस चालू आहे. लहान मुलांना तर ४० तासांसाठी मर्यादा ७५ डेसिबलचीच, आणि साहेब रात्री गेमच्या बंदुका ऐकतात.

साडेतीनच, कारण डाव्या बाजूचं रबर लवकर सैल पडलं. सुटी जोडी गोलाणीतच स्वस्तात मिळते. घेताना इअरबड सोबत न्या, त्याच्या तोंडाचा आणि रबराचा आकार जुळला नाही तर ते रबर कानातच राहतं.