प्राइम९५: फुकट सॉफ्टवेअर, पण गणित अस्सल

घरच्या पीसीवर बरेच महिने प्राइम९५ चालवतोय, फोंड्यात अजून कोणी चालवत असेल तर भेटायला आवडेल. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये गिम्प्स प्रोजेक्ट सुरू केला त्याचंच हे सॉफ्टवेअर, जगभरातले लोक आपापल्या मशीनवर मर्सेन मूळ संख्या शोधतात, म्हणजे २ चा अमुक घात वजा १ अशा रूपातल्या. डाउनलोड करा, अकाउंट उघडा, सर्व्हर एक घातांक देतो, पुढचं ते बघून घेतं.

एवढी मोठी संख्या भागत बसलं तर जन्म पुरणार नाही, पण लुकास-लेमर चाचणी इतकी सुंदर आहे की चवथीला घरी आलेल्या भाच्याला वहीत करून दाखवली आणि त्याला लगेच कळली. ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा आणि परत तेच, घातांकापेक्षा २ कमी इतक्या वेळा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ. ३१ म्हणजे २ चा ५ वा घात वजा १. ४ वरून १४, मग १९४ म्हणजे बाकी ८, मग ६२, आणि ६२ ला ३१ ने पूर्ण भाग जातो, झालं! २०४७ ला मात्र शेवटी १७३६ उरतात, कारण ती २३ गुणिले ८९ आहे, घातांक ११ मूळ असूनसुद्धा. आणि गंमत बघा, २३ आणि ८९ दोन्हीतून १ काढला की २२ ने, म्हणजे घातांक ११ च्या दुपटीने, भाग जातो, मर्सेन संख्येचे विभाजक असेच सापडतात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांना सापडलेली २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ ही आतापर्यंत माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या, ४,१०,२४,३२० अंकी! ती ग्राफिक कार्डांवर सापडली, आपल्या साध्या पीसीला एक चाचणी करायलाच बराच वेळ लागतो. बायनरीत लिहिली तर नुसते १ च १, एकही शून्य नाही. आणि अशी प्रत्येक संख्या एक परिपूर्ण संख्या देते, ३१ ला १६ ने गुणलं की ४९६, तिच्या स्वतःहून लहान सगळ्या विभाजकांची बेरीज परत ४९६ च.

स्क्रीनवर नुसत्या ओळी सरकतात, दिसायला जुनाट आहे, पण पावसात लाईट गेली तरी काम वाया जात नाही, दर अर्ध्या तासाने सेव्ह होतं. निकाल बहुतेक "मूळ नाही" असाच येणार, तरी मला तो आवडतो, तेवढा एक घातांक कायमचा तपासून झाला ना. असेंबल पीसी घेणाऱ्यांनी यातली टॉर्चर टेस्ट, म्हणजे मशीनला पूर्ण ताण देणारी चाचणी, जरूर लावून बघा, मशीन कच्चं असेल तर लगेच कळतं.

५ पैकी साडेचार. अर्धा कापला तो लाईट बिलासाठी, आणि लॅपटॉपवर लावू नका, मे महिन्यात तर अजिबात नको.