नर्सिंगला प्रवेश घेताना आधी नोंदणीचे विचारा

महाराष्ट्रात परिचारिका म्हणून काम करायचे असेल, तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीत नाव असावे लागते, आणि ते नाव मान्यताप्राप्त संस्थेतून एएनएम (सहायक परिचारिका व प्रसविका), जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसविका) किंवा बीएस्सी नर्सिंग पूर्ण करणाऱ्यांचेच लागते. एवढी एक गोष्ट मला बारावीनंतर कोणी समजावून सांगितली असती, तर माझ्या आईवडिलांचे १,७७,५०० रुपये आणि माझी दोन वर्षे वाचली असती. आज माझ्याकडे ‘डिप्लोमा इन नर्सिंग’ असे सोनेरी अक्षरांत छापलेले प्रमाणपत्र आहे आणि त्याच्या जोरावर मला नर्स म्हणवून घेण्याचाही अधिकार नाही.

संस्थेच्या माहितीपत्रकावर काय नव्हते? ‘शासनमान्य’ होते, ‘नीती आयोगाकडे नोंदणीकृत’ होते, ‘आयएसओ ९००१:२०१५’ होते आणि दिल्लीच्या कुठल्याशा पॅरामेडिकल कौन्सिलचा शिक्का होता. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर कोणतीही स्वयंसेवी संस्था नाव नोंदवू शकते, आयएसओचे प्रमाणपत्र संस्थेच्या कार्यपद्धतीला मिळते, अभ्यासक्रमाला नव्हे, आणि ती दिल्लीची ‘कौन्सिल’ म्हणजे १८८२ च्या विश्वस्त कायद्याखाली नोंदवलेला एक खाजगी ट्रस्ट आहे, हे सगळे मला नंतर कळले. ज्या घरात बारावीच्या पुढे कोणी शिकलेले नाही, त्या घराला हा फरक माहितीपत्रक वाचून कळावा, अशी अपेक्षा कोणी करू नये. आम्ही काही न विचारता पैसे भरले, असेही नाही. वडिलांनी संचालकांना समोरासमोर विचारले होते, “सर, हे सरकारी भरतीला चालेल ना?” त्यावर त्यांनी जिल्हा परिषदेच्या आरोग्यसेविका भरतीची जुनी जाहिरात पुढे केली आणि म्हणाले, “काका, कोर्स झाला की रजिस्ट्रेशन आम्हीच करून देतो, तुम्ही कशाला काळजी करता?”

हिशेब असा. प्रवेशाचे १५,००० रुपये रोख, पावती नाही. दोन वर्षांची फी प्रत्येकी ६५,०००, तिची पावती आहे. गणवेश, पुस्तके आणि किटचे ७,५००. दोन वर्षांचे परीक्षा शुल्क ७,०००. आणि शेवटी ‘कौन्सिल रजिस्ट्रेशन’ म्हणून १८,००० रुपये, तेही रोख आणि विनापावती. यातले ४०,००० रुपये आईने बचत गटातून कर्जाऊ घेतले होते आणि त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

जिथे हे सगळे उघडे पडायला हवे होते, तो क्षण मला रोज आठवतो. आमचे प्रॅक्टिकल एका लहान खाजगी दवाखान्यात चाले. एकदाच आम्हाला उपजिल्हा रुग्णालयात नेले, तेव्हा प्रसूती कक्षाबाहेर दुसऱ्या शाळेच्या एएनएमच्या मुली बाकावर बसून आपापली केसबुके भरत होत्या. बाईचे वय, कितवे बाळंतपण, कळा कधी सुरू झाल्या, बाळाचे वजन, आणि खाली वॉर्डच्या सिस्टरची सही. त्यांच्यातल्या एकीने मला विचारले, “तुमचं केसबुक कुठंय?” माझ्याकडे केसबुक नावाची वस्तूच नव्हती. परत आल्यावर प्राचार्यांना विचारले, तर त्या म्हणाल्या, “आपल्या बोर्डाची पद्धत वेगळी आहे.” प्राचार्यांचा शब्द खोटा मानायचा, हे आम्हाला कुठल्याच शाळेने शिकवलेले नाही. परीक्षाही आमच्याच वर्गात, आमच्याच शिक्षकांच्या देखरेखीखाली झाली आणि हॉल तिकिटावर ना राज्याच्या मंडळाचे नाव होते, ना नर्सिंग कौन्सिलचे. ज्या मुलींची परीक्षा सध्या अशी होत असेल, त्यांनी पुढचा हप्ता भरू नये.

२०२४ मध्ये प्रमाणपत्र हातात पडले. एका रुग्णालयात मुलाखतीला गेले, तेव्हा तिथल्या मेट्रनबाईंनी प्रमाणपत्र बाजूला सारले आणि नोंदणी क्रमांक विचारला. तो नव्हता. त्यांनी माझ्यासमोरच मान्यताप्राप्त संस्थांची यादी उघडली, तालुका आणि जिल्हा दोन्ही शोधले आणि आमच्या संस्थेचे नाव त्यात नसल्याचे दाखवले. ‘अटेंडंट’ म्हणून ठेवू शकतो, असे त्या म्हणाल्या.

माझ्या बरोबरीच्या एका मैत्रिणीने त्याच इमारतीत एक वर्षाचा ‘फिजिओथेरपी असिस्टंट’ कोर्स ४८,००० रुपये भरून केला. फिजिओथेरपिस्ट म्हणून नोंदणी पदवीवर होते, अशा डिप्लोम्यावर होत नाही. तिला तर ‘स्वतःचे सेंटर काढता येईल’ असे सांगितले होते.

यानंतर ज्यांच्याकडे दाद मागितली, त्यांच्याबद्दल लिहिताना हात थरथरतो. पोलीस ठाण्यात सांगितले, की संस्थेने कोर्स शिकवला, प्रमाणपत्र दिले, मग फसवणूक कुठे झाली? ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. एका सरकारी कार्यालयात ऐकवले, की ती संस्था आमच्या यादीतच नाही, त्यामुळे तिच्यावर कारवाई करणे आमच्या अखत्यारीत येत नाही. म्हणजे मान्यता असलेल्या संस्थेने चूक केली तर तिची चौकशी होणार, आणि जिने मान्यताच घेतली नाही ती मोकाट सुटणार! शिक्षण खात्याने आरोग्याकडे बोट दाखवले, आरोग्य खात्याने वैद्यकीय शिक्षणाकडे, आणि प्रत्येक टेबलावर मला हाच प्रश्न विचारला, “प्रवेश घेताना चौकशी केली नाही का?” भर चौकात ‘शासनमान्य’ असा फलक लावून एखादी संस्था वर्षानुवर्षे मुली भरते, तो फलक रोज त्याच रस्त्याने जाणाऱ्या एकाही अधिकाऱ्याला दिसत नाही, आणि चौकशी मात्र अठरा वर्षांच्या मुलीने करायची? ग्राहक आयोगाचे विचारले, तर वकील म्हणाले, शिक्षण ही ‘सेवा’ आहे की नाही यावरच न्यायालयांत मतभेद आहेत, वेळ लागेल.

पोलिसांनी तक्रार घेतली नाही, तर तिथेच थांबू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तीच तक्रार लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते आणि तिथेही दखल घेतली नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मी रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे आणि पोचपावती जपून ठेवली आहे. १ जुलै २०२४ च्या आधीची फसवणूक जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० मध्ये येते, नंतरची भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये. अर्जात हे नीट लिहा, नाहीतर तेवढ्याच कारणावरून परत पाठवतात.

मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला संस्थेत ठेवू नका, झेरॉक्स द्या. माझा दाखला अजून त्यांच्याच कपाटात आहे आणि तो परत देण्यासाठी ते ‘नो ड्यूज’चे १०,००० रुपये मागत आहेत. रोख पैसे देऊच नका. प्रवेशाआधी भारतीय परिचर्या परिषदेच्या (इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या) संकेतस्थळावरची राज्यवार यादी उघडा, त्यात संस्थेचे नाव आणि अभ्यासक्रम दोन्ही तपासा, कारण काही ठिकाणी एका कोर्सची मान्यता दाखवून दुसऱ्याच कोर्सला मुली घेतात. ‘पुढच्या वर्षी मान्यता येणार आहे’ असे कोणी म्हणाले, तर पुढच्या वर्षीच या म्हणावे. एएनएम दोन वर्षांचे असते आणि त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप असते. सहा महिन्यांत किंवा घरबसल्या नर्स करून देणारा माणूस तुमच्याकडून फक्त पैसे घेणार आहे.

आमच्या तुकडीतल्या बहुतेक मुली लाजेखातर गप्प आहेत, काहींच्या सासरी तर हे माहीतही नाही. पण एकटीची तक्रार दिवाणी ठरवून बाजूला ठेवणे सोपे असते. ज्यांच्याकडे ६५,००० च्या पावत्या, हॉल तिकीट किंवा माहितीपत्रक शिल्लक असेल, त्यांनी ते फाडून टाकू नये. त्याच्या प्रती काढून ठेवाव्यात आणि एकत्र अर्जावर सही करावी. त्या संस्थेचे या वर्षीचे प्रवेश सुरू झाले आहेत.