टेबलावरचा पीएच मीटर: सात महिन्यांच्या वापरानंतर

एमएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या प्रोजेक्टसाठी सात महिने हा मीटर जवळजवळ रोज वापरते आहे. काचेचा इलेक्ट्रोड, तापमानाचा वेगळा प्रोब, तीन बफरांवर (पीएच ठरलेल्या द्रावणांवर) कॅलिब्रेशन. रीडिंग लवकर स्थिरावतं, बटणं ओल्या ग्लोव्हजनीही दबतात. त्याबद्दल काही तक्रार नाही.

सांगायचंय ते ‘ऑटो टेम्परेचर’बद्दल, म्हणजे तापमानानुसार रीडिंग आपोआप सुधारणाऱ्या सोयीबद्दल. तापमानाचं काय ते मीटर बघून घेतोय म्हटल्यावर मी निर्धास्त झाले. 50 मिलिमोलर ट्रिस (पीएच टिकवून धरणारं बफर) 25 अंशांना 8.0 वर आणलं, बाटली कोल्ड रूममध्ये ठेवली आणि आठवडाभर त्याच बफरात एन्झाइम शुद्ध करत बसले. वॉशमध्ये निघून जायला हवीत ती प्रोटीनंही अॅनायन एक्सचेंजच्या (ऋण भाराची प्रोटीनं पकडणाऱ्या) कॉलमला धरून बसायची. शेवटी बीकर घेऊन कोल्ड रूममध्येच मोजलं: 4 अंशांना पीएच 8.6! पीएच चढला की प्रोटीनांवरचा ऋण भार वाढतो, म्हणून ती धरून बसत होती.

मीटर बरोबरच होता. तो सांभाळतो ते इलेक्ट्रोडचं गणित. एका पीएचमागे 25 अंशांना 59.2 मिलिव्होल्ट, 4 अंशांना 55. एसवायला पाठ केलेलं नर्न्स्टचं समीकरण ते हेच. पण ट्रिसचा स्वतःचा पीकेए (ज्या पीएचला त्याच्या निम्म्या रेणूंनी प्रोटॉन सोडलेला असतो तो आकडा) दर अंशाला सुमारे 0.028 ने सरकतो, त्यात मीटर काय करणार? प्रोटॉन सोडायला ट्रिसला मोलमागे साधारण 47 किलोज्यूल उष्णता लागते. थंडीत ते प्रोटॉन सोडायला तयार नसतं, म्हणून पीकेए चढतो आणि त्याच्यामागे पीएच. फॉस्फेट याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाने हलतं. आता ज्या तापमानाला बफर वापरायचं त्याच तापमानाला अॅडजस्ट करते आणि लेबलवर पीएचशेजारी अंश लिहिते. ज्युनिअर मुलींनाही पहिल्याच दिवशी हे दाखवते, कारण माझा अख्खा आठवडा गेला होता.

दुसरी गोष्ट इलेक्ट्रोडची. चौथ्या महिन्यात स्लोप (एका पीएचमागे अपेक्षित मिलिव्होल्टपैकी इलेक्ट्रोड किती देतो ते) 98 टक्क्यांवरून 91 वर आला, रीडिंग रेंगाळायला लागलं. इलेक्ट्रोडच्या आतली चांदी ट्रिस आणि प्रोटीनशी जुळून जंक्शन (आतलं द्रावण बाहेरच्या द्रावणाला भेटतं ती सच्छिद्र जागा) बुजवते. 0.1 नॉर्मल एचसीएलमध्ये पेप्सिन (प्रोटीन पचवणारं एन्झाइम) घालून तासभर बुडवला, तेव्हा 96 पर्यंत परतला. काम झालं की तो 3 मोलर केसीएलमध्येच ठेवा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये कधीच नको. टिश्यूने नुसता टिपा, बल्ब घासू नका.

मीटर पुन्हा हाच घेईन. इलेक्ट्रोड मात्र डबल जंक्शनचा (चांदी आणि नमुना वेगळे ठेवणारा) मागा, आणि कोटेशनमध्ये तसं स्पष्ट लिहून घ्या. आमच्या कोटेशनमध्ये नुसतं ‘कॉम्बिनेशन इलेक्ट्रोड’ होतं.