अंगावरचं दूध, डब्याचं की दोन्ही? पैशांची ओढाताण असताना काय निवडावं

बाळाच्या दूध पावडरचा पहिला डबा अनेकदा फुकट येतो, नमुना म्हणून नाहीतर मदतीतून. दुसऱ्यापासून पैसे मोजावे लागतात, आणि तोवर अंगावरचं दूध ओसरायला लागलेलं असतं. म्हणून तुलना पहिल्या डब्याशी नको, सहा महिन्यांच्या डब्यांशी करा.

दूध ओसरतं, कारण ते मागणीवर बनतं. स्तन रिकामा झाला की दूध भराभर तयार होतं. भरलेला राहिला की दुधातलाच एक घटक पुढची निर्मिती मंदावतो. बाळाला ६० मिली वरचं दूध पाजलं की ते झोपतं आणि अंगावरचं एक पाजणं बुडतं. हे रोज दोन-तीनदा झालं, की ‘माझं दूध पुरत नाही’ ही नुसती शंका खरी होऊन बसते. आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांबद्दलच्या १९८१ च्या आंतरराष्ट्रीय संहितेत आयांना फुकट नमुने द्यायला मनाई आहे, ती उगाच नाही.

आता हिशेब. ५ किलोच्या बाळाला दिवसाला साधारण ७५० मिली दूध लागतं, म्हणजे जवळपास १०० ग्रॅम पावडर. ४०० ग्रॅमचा डबा चार दिवसांत संपतो; इंधन वेगळं. अंगावर पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ५०० कॅलरी जास्तीचं जेवण लागतं. तेही फुकट नाही, पण डब्यापेक्षा स्वस्त, आणि घरातल्या इतरांनी तिच्या ताटात वाढायचं आहे, एवढंच.

खरा धोका डबा ‘पुरवून’ वापरण्यात आहे. दोन चमच्यांच्या जागी एक घातला तर पोट भरल्यासारखं दिसतं, वजन मात्र वाढत नाही. फारच पातळ झालं तर रक्तातलं सोडियम उतरून झटकेही येतात. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी उकळून ७० अंशांच्या खाली जायच्या आत वापरायचं. आधी पाणी मोजायचं, मग डब्यातल्याच चमच्याने सपाट मापाने पावडर. पाजण्याआधी बाटली गार पाण्यात धरून निववायची आणि मनगटावर थेंब टाकून बघायचं. बाळाने उष्टं केलेलं दूध ओतून द्यायचं. तंगीत नेमकं हेच जिवावर येतं.

दोन्ही चालवणं सोयीचं वाटतं, पण तिन्हींत निसरडा मार्ग हाच. तरी आठ-दहा तास कामावर जाणाऱ्या बाईला तो टळत नाही. मग डबा फक्त गैरहजेरीपुरता, तोही वाटी-चमच्याने. घरी असताना आणि रात्री अंगावरच. हाताने काढलेलं दूध झाकून २५ अंशांपर्यंत ४ तास टिकतं, फ्रिजमध्ये ४ दिवस. कामावरही एक-दोनदा काढावं. ठेवायला जागा नसली तर टाकून द्या, मागणी तरी टिकते.

बाळाला गॅलॅक्टोसेमिया, म्हणजे दुधातली साखर शरीराला वापरता न येणारा जन्मजात आजार असेल तर अंगावर पाजता येत नाही, आणि साधी पावडरही चालत नाही. डॉक्टर सांगतील तीच द्यायची.

पुरतंय की नाही, हे रडण्यावरून किंवा स्तन मऊ लागण्यावरून ठरवू नका. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले होतात का, आणि दोन आठवड्यांत जन्मावेळचं वजन भरून आलं का, ते बघा. येत नसेल तर डबा आणण्याआधी बाळ स्तन नीट तोंडात धरतंय का, हे जाणकाराकडून तपासून घ्या. नुसतं बोंड चोखत असेल तर दूध असूनही ते उपाशी राहतं.